चार नंबरची टाकी

खुराकाचा डबा त्या आठवड्यातही आला नाही.

मी तक्रार-सहायकाला पुन्हा फोन लावला. तो माणूस नाही, नुसता आवाज आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्याच्याशी भांडते, कारण दुसरं कोणी फोन उचलतच नाही. त्याने मधाळपणे सांगितलं, की श्रावणात ढग खाली असल्यामुळे आमच्या भेलाटोल्याकडची ड्रोनची फेरी रद्द झाली आहे आणि माझी गैरसोय तो समजू शकतो. मी म्हटलं, गैरसोय माझी नाही, सहा टाक्या उपाशी आहेत. तो म्हणाला, आपण उपाशी असल्याची नोंद घेतली आहे. मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

मी त्रिवेणी चाचेरे, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. गोंदियाच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केस पांढरे व्हायला लागले. तेवढ्यात माझ्याच गावात, तलावाच्या पाळीवर, पाणी शुद्ध करायचं केंद्र आलं आणि मी टिकल्यांची आया झाले.

टिकली म्हणजे पाण्यावर तरंगणारी, कपाळावरच्या टिकलीएवढी हिरवी वनस्पती. खोड नाही, फांदी नाही. एक चिमुकलं पान, त्याखाली पाण्यात लोंबणारं केसासारखं मूळ, झालं. आमच्या बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, आणि तलावांत साधी टिकली पूर्वीपासून आहेच. पुण्याच्या डॉ. कौस्तुभ निमकरांनी तिला चहाची सवय लावली. चहाच्या झाडाला जमिनीतलं फ्लोराईड ओढून पानात साठवायची खोड असते आणि त्यात त्याचं स्वतःचं काही बिघडत नाही. ही खोड ज्या जनुकांमुळे लागते ती त्यांनी टिकलीत घातली. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड फार. त्याने पोरांचे दात तपकिरी व्हायचे आणि म्हाताऱ्यांच्या कमरा, गुडघे लाकडासारखे ताठ. माझी माय साठीच्या आतच मांडी घालायची विसरली. आता बोअरचं पाणी आधी सहा उथळ टाक्यांत भरतं, टिकलीखाली काही दिवस मुरतं, मग वाळूच्या गाळणीतून नळाला जातं. पहिलीतल्या पोरांना नवे दात येतात ते पांढरे येतात. शाळेच्या फोटोत त्यांना हस म्हणून सांगावं लागत नाही. मी आजवर राजीनामा दिला नाही त्याचं हे एवढंच कारण.

टिकली वाढवणं म्हणजे काय, पाण्यावर सोडली की झालं, असं पाहुण्यांना वाटतं. त्यांनी एक पावसाळा इथे काढावा. वारा सुटला की सगळी टिकली एका कोपऱ्यात जाऊन ढीग होते, म्हणून बांबूच्या चौकटी तरंगत ठेवाव्या लागतात. दाट झाली तर खालची गुदमरते, विरळ झाली तर मधल्या उघड्या पाण्यात शेवाळ माजतं. रोज चाळणीने थोडी काढायची, वाळवायची, पोत्यात भरायची. फ्लोराईड त्या पोत्यात बसून गाडीने बाहेर जातं. गोगलगायी वेचायच्या, बगळे हाकलायचे. आणि रोज एक टिकली बोटावर घेऊन तिचं मूळ बघायचं. पोट भरलेल्या टिकलीचं मूळ आखूड असतं. उपाशी टिकली अन्न शोधायला मूळ लांबवत जाते. त्या दिवशी माझ्या सहाही टाक्यांत मुळं लोंबायला लागली होती.

आता खुराकाबद्दल. अशी बदललेली वनस्पती मोकळ्या पाण्यात सुटली तर काय, हे परवानगी देणाऱ्यांनी विचारलंच होतं. डॉक्टरांनी टिकलीच्या वाढीला कुलूप घातलं. एक विशिष्ट पदार्थ पाण्यात अगदी नखभर असला तरी ती दुप्पट-चौपट होत जाते. तो नसला तर तिला नवं पान फुटत नाही, ती पिवळी पडते आणि मरते. हा पदार्थ आमच्या भागातल्या कुठल्याही पाण्यात नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली होती. टाकीतली टिकली बगळ्याच्या पायाला चिकटून तलावात गेली, म्हशीच्या पाठीवरून गेली, तरी तिथे तिने उपासाने मरायचं. किल्ली फक्त निळ्या डब्यात. त्या डब्यात काय असतं, हे मी रुजू झाल्याच दिवशी विचारलं. ते गोपनीय आहे आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही, असं उत्तर मिळालं. पुढे जितक्यांदा विचारलं तितक्यांदा तेच. शिकलीसवरलेली मी, काय ओततेय ते न कळता मापाने ओतत होते, आणि याचा मला रोज नव्याने राग यायचा.

आणि एवढं कुलूप घालूनही टिकली तलावात वाढली.

सलग दोन वर्षं. पोळ्याच्या सुमाराला काठाने हिरवी कड दिसायची, दसऱ्यापर्यंत ती सगळ्या पाण्यावर पसरायची आणि दिवाळीआधी पिवळी पडून एकदम सडायची. तलावाला वास मारायचा. मासे वर येऊन तोंड उघडून पडायचे. आणि शिंगाडा जायचा. शिंगाड्याचा वेलही पाण्यावर तरंगतो, त्याची फुलं पाण्यावर येतात आणि फळं खाली लागतात. टिकलीने कोवळ्या वेलांची जागाच घेतली, आणि जे वेल तगले त्यांची फळं सडक्या पाण्यात काळी पडली.

तो शिंगाडा भुमेश्वरीचा होता. आम्ही दोघी ढिवरांच्याच, मासेमार घरांतल्या, पण मी पुस्तकं घेऊन गोंदियाला गेले आणि ती डोंगा घेऊन तलावात. भुमेश्वरी वलथरे ही माझी भुजली. हे आमच्याकडचं नातं आहे. राखीच्या आधी घरोघरी टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. ऊन लागू द्यायचं नसतं, त्यामुळे कोंब हिरवे न होता हळदीसारखे पिवळे वाढतात. तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका-पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तलावावर जातात, टोपली पाण्यात बुडवतात, मुळांची माती धुऊन सोडतात आणि हाती राहिलेले कोंब एकमेकींच्या कानामागे खोचतात. वर्षभराची भांडणं त्या दिवशी मिटवायची असतात. आणि लहानपणी दोघींनी ठरवून एकमेकींना कोंब दिले, की त्या जन्माच्या मैत्रिणी. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजलीच म्हणायचं. आम्ही तिसरीत असताना हे करून ठेवलं होतं.

पहिल्या वर्षी शिंगाडा गेला तेव्हा ती नुसती गप्प झाली. दुसऱ्या वर्षी डोंग्यातून उतरून, ओल्या लुगड्याने, सरळ केंद्रावर आली आणि ओंजळभर टिकली माझ्या पायाशी टाकली.

"हे तुमचं हाये, म्याडम. घेऊन जा," ती म्हणाली.

म्याडम म्हटल्याचं मला त्या टिकलीपेक्षा जास्त लागलं. मी तिला सांगायला गेले, की तलावात ही टिकली जगूच शकत नाही, शास्त्रच तसं आहे. तिने मागे वळून हिरव्या तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

डॉ. निमकरांकडे मी नमुने पाठवले, फोटो पाठवले, फोन केले. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सभ्यपणेच सांगितलं, की रचनेत दोष असणं शक्य नाही, तेव्हा मानवी चूक असणार. म्हणजे मी. खुराक माझ्या हातून जास्त पडत असेल, टाक्या धुतलेलं पाणी नाल्याने तलावात जात असेल. मी नाला उकरून दाखवला, तो तलावाकडे जातच नाही. त्यावर त्यांनी टाक्यांवर कॅमेरा बसवला. टाकीत काही वावगं पडलं तर तो स्वतःच पुण्याला कळवतो. माझ्यावर विश्वास नाही हे त्यांनी खांबावर टांगून ठेवलं आणि मी त्याच्याखाली रोज गोगलगायी वेचत राहिले.

तर त्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी मायने कोठीमागून टोपली काढली. तिच्या गुडघ्यांनी तलावाचा उतार उतरवत नाही, टोपली मीच न्यायची. मी म्हटलं, माय, या वर्षी राहू दे, तिथे माझ्याकडे सगळ्या पाठ फिरवतात. माय म्हणाली, पेरलेली भुजली घरात ठेवत नसतात. विषय संपला.

मी घाटावर पोचले तेव्हा गाणं रंगात होतं. मला पाहून ते थांबलं नाही, पण बायका सरकल्या. भुमेश्वरी शेवटच्या पायरीवर पाण्यात उभी होती. ती माझ्याशी बोलली नाही, शेजारणीशी बोलली. मात्र मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

"शिंगाडा खाल्ला, मासोळी खाल्ली. आता भुजली सोडाले मात्र आमचाच तलाव पायजे."

 उत्तरं मला खूप सुचली, पण ती सगळी डॉक्टरांना द्यायची होती. मी टोपली घेऊन उलट पावली वर आले. घरी नेता येत नाही, तलावात सोडता येत नाही, रस्त्यात टाकून देणं तर मायच्या जिवावर आलं असतं. चिडून रडू येत होतं. मी केंद्राचं फाटक लोटलं, जी पहिली टाकी समोर आली तिच्यात टोपली बुडवली आणि माती खळाखळा धुतली. ती चार नंबरची टाकी होती. कॅमेरा बघत होता. बघ म्हटलं.

कोंब घरी आणले. मायने एक माझ्या कानामागे खोचला, बाकीचे देवापुढे ठेवले आणि कोणी दिला, कोणी घेतला असं विचारलं. मी स्वयंपाकाला लागले.

डबा आलाच नाही. टाक्या पिवळ्या पडत चालल्या. मी रोज नळाचं पाणी तपासत होते; फ्लोराईड वर सरकायला लागलं होतं. आणि अशात एका सकाळी चार नंबरच्या टाकीजवळ आले, तर ती हिरवीगार. चौकटीच्या बाहेर टिकली ओसंडत होती. एक बोटावर घेतली. मूळ आखूड, जेमतेम.

मला आधी वाटलं, टोपलीतल्या शेणमातीचं खत लागलं असेल. म्हणून दोन नंबरमध्ये नुसती शेणमाती टाकून पाहिली. काही नाही, ती पिवळीच. मग देवापुढचे सुकलेले कोंब मायला न विचारता उचलले, पाट्यावर वाटले आणि पाच नंबरमध्ये टाकले. त्या आठवड्यात पाच नंबर हिरवी झाली. मी टाकीच्या कठड्यावर बसले. समोर तलावाच्या काठाने नेहमीची हिरवी कड धरायला लागली होती, आणि ती सगळ्यात दाट होती ती घाटापाशी, जिथे गावातल्या सगळ्या टोपल्या बुडाल्या होत्या.

डॉक्टरांना फोन लागला तेव्हा मी नमस्कारसुद्धा केला नाही. खुराक गव्हाच्या कोंबांपासून बनवता का, एवढंच विचारलं. 

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ते म्हणाले.

टिकलीने सांगितलं, मी म्हटलं. मग मात्र ते बोलले, आणि पहिल्यांदाच मला एखाद्या शास्त्र शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले. गव्हाचं रोप कोवळं असताना किडीपासून बचावासाठी एक कडू पदार्थ तयार करतं. कोंब फुटल्यावर सुरुवातीला तो भरपूर असतो, रोप मोठं झालं की ओसरतो. मुळांतून पाण्यात उतरला की त्याचाच एक टिकाऊ भाऊबंद तयार होतो. टिकलीचं कुलूप त्या भाऊबंदाने उघडतं. भाताचं रोप हा पदार्थ बनवत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम भाताचा मुलूख निवडला होता. तलावात उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं शेत न शेत त्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांत तपासलं होतं. पावसाळ्यात तिथे गव्हाचं एकही रोप नव्हतं.

उपग्रहाला मायच्या कोठीमागचा अंधार कसा दिसणार? गावातल्या प्रत्येक घरात त्याच दिवसांत, झाकून, मुद्दाम कोवळाच ठेवलेला गहू, आणि मग तो एकाच दिवशी, एकाच घाटावर, मुळांसकट पाण्यात. मी त्यांना भुजली समजावून सांगितली. ते मनापासून थक्क झाले. मीही झाले असते, पण मला संताप आवरत नव्हता. डब्यात काय आहे हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की अहो, आमच्याकडे हे पोरीसुद्धा टोपलीत पिकवतात. दोन वर्षांचा शिंगाडा वाचला असता. माझी मैत्रीण वाचली असती.

"म्हणजे रचनेत दोष नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा निःश्वास स्पष्ट ऐकू आला. पुढचं त्यांना फार सोपं वाटत होतं. भुजली तलावात सोडायला बंदी करायची. लोकांनी घरी बादलीत सोडावी. ते तसं वर लिहिणार होते. मी म्हटलं, बंदी कशाला, कुलूप बदला. ते म्हणाले, नवं कुलूप म्हणजे नव्या चाचण्या, नवी परवानगी. वर्षं जातील, आणि तोवर केंद्र बंद ठेवावं लागेल. गावाने पुन्हा बोअरचं पाणी प्यावं का, हे तुम्हीच सांगा.  मग मी तिसरी गोष्ट सुचवली: भुजली टाक्यांमध्येच सोडू द्या. पदार्थ तोच आहे, डबे तसेही वेळेवर येत नाहीत. त्यावर त्यांचा आवाज एकदम कागदासारखा कोरडा झाला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बाहेरची वस्तू टाकणं करारात बसत नाही. कॅमेऱ्याने चार नंबरचा प्रकार आणि पुढचे दोन्ही कळवले होते, ते त्यांनी माझ्यासाठी नजरेआड केले. पुन्हा तसं दिसलं तर मला कामावरून काढण्यावाचून त्यांच्या हातात काही राहणार नाही.

माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसांशी भांडायला फार त्रास होतो.

मी त्याच दुपारी भुमेश्वरीच्या अंगणात गेले. शिंगाडे उकडायचं मोठं भगोणं पालथं पडलं होतं, चूल थंड. ती जाळं विणत बसली होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, डबा, गहू, कुलूप, टोपल्या. ती ऐकत होती तोवर मला आशा होती.

"दोन साल माहा शिंगाडा सडला," ती शेवटी म्हणाली, "आन् आता खोट माह्याच टोपलीत निघाली?"

तसं नाही ग, मी म्हटलं. पण ते तसंच ऐकू जात होतं हे मलाही कळत होतं. शास्त्राने बरोबर असलेलं वाक्य माणसापुढे इतकं वाईट दिसू शकतं, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. निघताना मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नको. घरातल्या पाण्याच्या दोन गुंडांत तलावाचं पाणी भर, दोन्हींत टिकली सोड, एकात गव्हाचे कोंब टाक, एकात नको. तुझ्या डोळ्यांनी बघ. तिने जाळ्यातून मान वर केली नाही.

ढग उठल्यावर डबा आला आणि टाक्या कशाबशा तगल्या. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना लागली: तलावात भुजली सोडण्यास मनाई. ती कोणी लावायला लावली हे गावाला सांगावं लागलं नाही. तलाव तिसऱ्यांदा सडला होताच. मी किराण्याच्या दुकानात गेले की बोलणं थांबायचं. माझ्या नळाचं पाणी पिऊन माझ्याकडे पाठ करणाऱ्या माणसांचा मला इतका राग यायचा, की एकदा मुख्य नळ बंद करून दोन दिवस झोपून राहावं असं मनात आलं. मग पहिलीतली पोरं हसत रस्त्याने जाताना दिसायची आणि मी चाळणी उचलायचे.

 श्रावण आला तशी मायने टोपलीत माती भरली आणि गहू पेरला. मी म्हटलं, माय, आता कुठे सोडणार? ती म्हणाली, पेरणं माझ्याकडे, सोडणं तुझ्याकडे.

राखीचा दुसरा दिवस उजाडला. डबा या वर्षीही ढगांत अडकला होता आणि टाक्यांतली मुळं लांबत होती. मायची टोपली मी केंद्रावर आणून ठेवली होती, पण पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं. बादलीत सोडावी हा सरळ मार्ग होता. सूचनेत तसंच लिहिलं होतं.

गाण्याचा आवाज पाळीवर चढला. मनाई होती म्हणून मुद्दाम जास्तच जोरात म्हणत होत्या. पाळीवर दोन वाटा फुटतात; एक खाली घाटाकडे, एक माझ्या फाटकाकडे. मी टाकीआडून बघत होते. सगळ्यांत पुढे भुमेश्वरी होती. फाट्याशी ती थांबली. मागच्या थांबल्या. काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही, हातवारे दिसले. मग बहुतेक बायका घाटाकडे उतरल्या, गाणं आणखी चढवून. भुमेश्वरी माझ्या फाटकाकडे वळली. तिच्यामागे शिंगाडा लावणाऱ्या घरांतल्याच तेवढ्या तीन-चार जणी आल्या, त्याही कुरकुरत.

ती फाटकातून आत आली. डोक्यावरची टोपली उतरवून तिने कमरेवर घेतली आणि माझ्याकडे न बघता टाक्यांकडे बघत राहिली.

हिवाळ्यात तिने गहू पेरला होता. स्वतःच सांगितलं, इकडचं तिकडचं काही न बोलता. घरात कोणाला न दाखवता, पलंगाखाली. काठाला उरलेली मूठभर टिकली सोडून दोन गुंड भरून ठेवले. मी म्हटलं होतं तसंच झालं. आणि तरी तू तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला. इतके महिने मी एकटी शिव्या खात होते.

"कोनाले सांगू? म्हनले असते, म्याडमनं इलेबी फितवलं," ती म्हणाली. "मले पटाले टाइम लागला, भुजली. त्यायले आनखी लागंन."

 मी तिला खांबावरचा कॅमेरा दाखवला. टोपली टाकीत गेली की पुण्याला कळतं आणि मला काढून टाकतील, हेही सांगितलं. बाकीच्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. भुमेश्वरीने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग घाटाकडे. तिथे टोपल्या बुडायला लागल्या होत्या. तलाव या वर्षीही हिरवा होणार होता. थोडा कमी, पण होणार.

"मंग परत नेऊ का?" तिने विचारलं.

परत नेता येत नाही हे तिलाही माहीत होतं. मी वाकून एक टिकली बोटावर घेतली. मूळ बोटाच्या पेरावरून खाली लोंबत होतं.

"पाच नंबरमध्ये सोड," मी म्हटलं. "ती जास्त उपाशी आहे."

तिने सोडली. मी मायची टोपली चार नंबरमध्ये सोडली. बाकीच्या जणींनी एक, दोन, तीन अशा टाक्या वाटून घेतल्या आणि मग त्यांनाही कंठ फुटला. घाटावरच्या गाण्याशी त्यांचं गाणं जुळत नव्हतं, एक ओळ मागे पडत होतं. माती खाली बसायला लागली. भुमेश्वरीने हातातले कोंब निवडले, दोन माझ्या कानामागे खोचले. मी तिच्या. तिचे केस ओले होते आणि कोंब सारखे निसटत होते.

पदरात बांधलेला फोन वाजायला लागला. पुण्याचा नंबर. मी तो तसाच वाजू दिला.

"उचल ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, उचलला की माझं इथलं काम संपलं. त्याआधी तुला थोडं सांगायचं आहे. नवा माणूस यायला किती दिवस लागतील कोण जाणे, आणि तोवर टाक्या मरता कामा नयेत, गावाचं पाणी आहे. ती म्हणाली, तिला शिंगाड्यातून फुरसत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि मी घाईघाईने सांगायला लागले: दाट झाली की चाळणीने काढ, वारा सुटला की चौकटी बघ, शेणमातीने काही होत नाही, कोंबच लागतात, थोडेच लागतात. फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी टिकली तिच्या बोटावर ठेवली आणि तिचं मूळ उलगडून दाखवायला लागले, की हे असं लांब झालं म्हणजे समजायचं.

"हे नोको शिकवू," भुमेश्वरी म्हणाली. "माह्या दुसऱ्या गुंडात अशीच मेली. सारा हिवाळा रोज पाहत होतो तिले."